बालवीरांचे बिल्ले आणि परीक्षेंतील न्याय

बालवीर चळवळीचा इतिहास लिहिणारे बहुधा तिचे संस्थापक, मेळावे व सभासदांची संख्या यांकडे लक्ष देतात. बालवीराच्या गणवेषावरील लहानशा बिल्ल्याकडे फारसें कोणी पाहत नाहीं. आमच्या मतें मात्र या चळवळीचा कस त्या बिल्ल्यांतच लागतो. तेथें एका बाजूस परीक्षा घेणारा प्रौढ मनुष्य असतो, दुसऱ्या बाजूस बारा-तेरा वर्षांचें मूल, आणि दोघांच्या मध्यें छापील नियमाखेरीज दुसरें कांहीं नसतें. तो नियम कसा घडला आणि त्यानें न्याय कितपत झाला, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखांत आम्ही घेतला आहे.

1907 च्या ऑगस्टांत बेडन-पॉवेल यांनीं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचा तळ भरविला. खानदानी शाळांतील मुलें व कामकरी घरांतील मुलें त्यांनीं मुद्दाम एकत्र आणिलीं होतीं. प्रत्येकास प्रथम लिलीच्या फुलाच्या आकाराचें पितळी चिन्ह मिळालें; माग काढणें, गांठी मारणें वगैरे परीक्षा उतरल्यावर त्यासोबत ‘सज्ज राहा’ या ब्रीदाची पितळी पट्टी मिळाली. म्हणजे कुळामुळें कांहीं मिळावयाचें नाहीं, केल्यानें मिळावयाचें, हें तत्त्व आरंभापासूनच आहे. पुढें पथकनायकांस उपदेश करितांना बेडन-पॉवेल यांनीं आणखी एक विचार मांडला. बिल्ला हा अमुक दर्जाचें काम साधल्याबद्दल नसून मुलानें केलेल्या प्रयत्नाबद्दल असावा, म्हणजे मंदगति मुलगाहि हिरमुसणार नाहीं, असा त्याचा आशय होता.

अमेरिकेंत चळवळ 1910 सालीं सुरू झाली, तेव्हां भर प्रयत्नापेक्षां लिखित अटींवर पडला. 1911 च्या तेथील हस्तपुस्तकांत 57 विषयांचे बिल्ले व प्रत्येकाच्या अटी छापल्या गेल्या, आणि 21 बिल्ले मिळविणाऱ्यास ‘ईगल’ ही सर्वोच्च पदवी ठरली. ती प्रथम मिळविली न्यूयॉर्क प्रांतांतील आर्थर एल्ड्रेड यानें, 1912 च्या ऑगस्टांत. त्याची तपासणी करावयास संस्थेचे मुख्य कार्यवाह जेम्स वेस्ट, अर्नेस्ट टॉम्सन सेटन व डॅनियल बियर्ड असे चळवळीचे धुरीणच बसले होते. पहिल्याच मुलाची परीक्षा इतकी कसून झाली, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

परंतु लक्षावधि मुलांची परीक्षा धुरीणांस घेतां येत नाहीं. ती गांवोगांवच्या स्वयंसेवकांकडे जाते, आणि अन्यायाचें बीज तेथें पडतें. म्हणून त्या संस्थेनें नियम केला कीं, कोणत्याहि पथकास वा व्यक्तीस छापील अटींत भर घालण्याचा अथवा त्यांतून कांहीं वगळण्याचा अधिकार नाहीं. ‘करून दाखवावें’ असें लिहिलें असेल तेथें तोंडीं सांगून भागत नाहीं. ‘सांगावें’ असें लिहिलें असेल तेथें निबंध मागतां येत नाहीं. शिकवणें एकत्र चालेल, पण परीक्षा प्रत्येकाची निराळी. परीक्षकाची सही झाल्यावर पथकनायकानें पुन्हा परीक्षा घ्यावयाची नसते.

हे नियम वरवर कारकुनी वाटतात. पण त्यांचा लाभ कोणास होतो, हें पाहिलें पाहिजे. कडक परीक्षकानें आपल्या हौसेनें अट वाढविली, तर ज्याच्या बापास रदबदली करितां येते तो मुलगा निभावतो, दुसरा मागें राहतो. ढिल्या परीक्षकानें नुसत्या हजर असलेल्या साऱ्या वर्गास बिल्ला दिला, तर ज्यानें पावसांत स्वतः चूल पेटविली त्याचा तोटा होतो. दोन्ही प्रसंगीं नागवला जातो तो ज्यास पाठीराखा नाहीं तोच. नियमाचें अक्षर हा त्याचा पाठीराखा होय.

मग बेडन-पॉवेल यांच्या प्रयत्नतत्त्वाचें काय? शरीरानें दुबळ्या मुलास तीच अट लावणें हा न्याय कसा? वेस्ट हे स्वतः अनाथाश्रमांत वाढलेले व क्षयानें पायास अधू झालेले गृहस्थ होते, हें येथें आठवतें. आज स्काउटिंग अमेरिका या नांवानें चालणाऱ्या त्या संस्थेंत कायमचें अपंगत्व असलेल्या बालवीरास, वैद्यकीय दाखल्यावर व पूर्वपरवानगीनें, अशक्य अशा बिल्ल्याऐवजीं दुसरा मिळवितां येतो. सवलत उघड व लिखित आहे. परीक्षकाच्या कृपेवर ती सोडलेली नाहीं. याहून वेगळा प्रकार 1972 सालीं घडला. त्या वर्षीं तळ व स्वयंपाक हे विषय ईगलच्या अनिवार्य यादींतून गळले, आणि बिल्ल्यांची संख्या 24 झाली. तें दशक संपण्यापूर्वीं संख्या पुन्हा 21 झाली व तळ परत आला. स्वयंपाक मात्र 2014 सालीं परतला. नियम बदलतो, पण तो सर्वांस एकदम व उघडपणें बदलला पाहिजे.

आतांपर्यंत विचार केला तो परीक्षेस बसलेल्या मुलाचा. ज्यास बसूंच दिलें नाहीं त्याचें काय? याचें उदाहरण आपल्याच देशांत आहे. 1909 सालीं बंगळूर येथें कॅप्टन बेकर यांनीं पथक काढलें, पण तें युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांसाठीं. हिंदी मुलांस त्या व्यवस्थेंत प्रवेश नव्हता. तेव्हां 1916 सालीं मद्रासेस ॲनी बेझंट यांनीं हिंदी मुलांसाठीं स्वतंत्र संस्था काढली, आणि 1918 सालीं अलाहाबादेस मालवीय, कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनीं सेवा समितीची बालवीर संस्था उभारली. 1921 सालीं बेडन-पॉवेल हिंदुस्थानांत आले, त्या सुमारास बेझंटबाईंची संस्था मूळ संस्थेंत मिळाली. सेवा समिती वेगळीच राहिली. सर्वांचें एकीकरण होऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था निघावयास 1950 साल उजाडावें लागलें.

यावरून आम्हांस असें वाटतें कीं, बिल्ल्याच्या न्यायाचीं अंगें तीन: दार सर्वांस उघडें असावें, अट सर्वांस एक असावी, आणि सवलत द्यावयाची ती लिहून द्यावी. ब्राउनसी बेटावर पहिलें अंग मुलांच्या वर्गापुरतें साधलें होतें. बंगळुरास तेंच नाकारलें गेलें. दार बंद असतां आंतली परीक्षा कितीहि चोख झाली तरी तिला न्याय म्हणतां येत नाहीं. बिल्ला कापडाचा असो वा पितळेचा, त्याची किंमत तो न मिळालेल्या मुलासहि पटली पाहिजे. तशी ती पटली तरच परीक्षा खरी झाली असें आम्ही समजतों.