अर्जावरचे आडनाव

दहावीनंतर आपल्यातले कितीतरी जण नांदेडहून लातूरला शिकायला गेले. मार्क मिळाले की नोकरी मिळते, ही आपली श्रद्धा. ती तपासून पाहणारे अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात मराठवाड्यातच शिकले. ते अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूरचे. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी. पुढे दिल्लीत जेएनयूत प्राध्यापक आणि २००६ ते २०११ विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष.

त्यांनी पॉल अ‍ॅटवेल यांच्यासह वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना हजारो अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फक्त नावे वेगळी. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत बोलावणे येण्याची शक्यता दलित नावाला सुमारे दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला एक तृतीयांश.

कंपनीत आलेले अर्ज मीही चाळते. आता ही चाळणी सॉफ्टवेअर लावते, आणि ते जुन्या निवडींवरून शिकले तर जुना भेदही शिकते. म्हणून आमच्या टीममध्ये पहिल्या फेरीत नाव झाकलेले असते.

गुरुजनहो, आपल्या वर्गात हजेरी नंबरावर व्हायची. त्याचे मोल मला या संशोधनाने कळले.