बडोद्यातील सार्वजनिक उपवने आणि वनभोजनाची परंपरा

कार्तिक मासात आवळीच्या वृक्षाचे पूजन करून त्याच्या छायेत सहकुटुंब भोजन करण्याचा प्रघात मराठी घराण्यांत फार जुना आहे. खेड्यात यासाठी वेगळी जागा शोधावी लागत नाही. गावाबाहेरची कोणतीही आमराई पुरते. नगरवासीयास मात्र सर्वांना खुली असलेली सावली लागते. ती बडोदेकरांस कशी लाभली, याची माहिती भाविकांसाठी येथे देत आहोत.

या नगराचे नावच वृक्षावरून पडले आहे. राष्ट्रकूट राजा कर्क याच्या शके ७३४ (इ. स. ८१२) च्या ताम्रपटात ‘वडपद्रक’ हे ग्राम दान दिल्याचा उल्लेख आहे. वडपद्रक म्हणजे वडाच्या परिसरातील वस्ती. गायकवाडांच्या काळात येथे बागा पुष्कळ झाल्या, परंतु नजरबाग किंवा मोतीबाग ही राजघराण्याची उद्याने होती. सामान्य रयतेने तेथे शिदोरी सोडून बसावे, हा त्यांचा हेतू नव्हता.

हा भेद मोडला तो कमाटीबागेने. विश्वामित्री नदीच्या काठी १८७९ मध्ये ही बाग लोकांसाठी निर्माण झाली. तिचे संपूर्ण श्रेय श्रीमंत सयाजीराव महाराज (तिसरे) यांस देण्याची रूढी आहे व पुढे बागेस ‘सयाजीबाग’ हे नावही मिळाले. तथापि १८७९ मध्ये महाराज अल्पवयीन होते. राज्याधिकार त्यांस डिसेंबर १८८१ मध्ये प्राप्त झाले. त्या काळी कारभार दिवाण सर टी. माधवराव यांच्या हाती होता, हे विसरले जाऊ नये. महाराजांचे कार्य पुढचे आणि तितकेच मोठे आहे. त्यांच्या कारकीर्दीत बागेत वस्तुसंग्रहालय उभे राहिले (१८९४). शेजारच्या चित्रशाळेची इमारत १९१४ मध्ये पूर्ण झाली. परंतु महायुद्धामुळे चित्रे विलायतेत अडकली व ती १९२१ मध्ये खुली झाली. संस्थानच्या उद्यानांची व्यवस्था काही काळ क्रुंबिगल या जर्मन उद्यानतज्ज्ञाकडे होती. हेच गृहस्थ १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानात गेले आणि बंगळूरच्या लालबागेमुळे प्रसिद्धीस आले. यामुळे झाडाखाली दशम्या सोडणाऱ्या कुटुंबास त्याच फेरीत संग्रहालयही पाहता येऊ लागले. बालगोपाळांस मात्र आगगाडीचेच आकर्षण अधिक. राजवाड्याच्या आवारातील ही छोटी गाडी स्वातंत्र्यानंतर बागेत आली.

दुसरे स्थान आजव्याचे. ते शहराच्या पूर्वेस सुमारे २० किलोमीटरवर आहे. तेथील सयाजी सरोवर मूलतः सहलीसाठी नव्हे, तर शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधले गेले. मातीच्या धरणाची ही योजना जगन्नाथ सदाशिवजी या अभियंत्यांची असून ती १८९२ मध्ये कार्यान्वित झाली. पाणी केवळ उतारामुळे शहरापर्यंत यावे, अशी तिची रचना होती. जलाशयाकाठी पुढे बगीचा झाला व आजवा हे सहलीचे ठिकाण बनले. पूर्ण दिवसाच्या वनभोजनास आजवा आणि अर्ध्या दिवसास कमाटीबाग, ही विभागणी आम्हांस आजही योग्य वाटते.

संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. कमाटीबाग आज महानगरपालिकेकडे आहे. सुमारे ११३ एकरांच्या या बागेचे भवितव्य नदीशी बांधलेले आहे. ऑगस्ट २०२४ च्या महापुरात विश्वामित्रीचे पाणी शहराच्या मोठ्या भागात शिरले. त्यानंतर २०२५ मध्ये नदीपात्र खोल व रुंद करण्याचे काम हाती घेण्यात आले. पुरापासून शहराचे रक्षण व्हावे हे निर्विवाद आहे. परंतु काठावरचे जुने वृक्ष गेले, तर माती धरून ठेवणारी मुळेही जातात. शिवाय या नदीत मगरींचा वास आहे. त्यामुळे भोजनानंतर पाने व उरलेले अन्न पात्रात टाकणे, पाने धुण्यासाठी मुलांस पाण्याकडे पाठविणे, या दोन्ही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. थर्माकोलच्या ताटल्यांऐवजी पळसाच्या पत्रावळी न्याव्यात आणि चूल न पेटविता शिधा घरूनच शिजवून आणावा. आवळीच्या मुळाशी दूध-पाणी घालावे, मात्र खोडाशी कापूर लावू नये. त्या आचेने साल करपते.