दोन होड्यांची एक नौका

दिल्लीत राहणाऱ्या माणसाने समुद्रावरील नौकांविषयी बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. समुद्र येथून सुमारे हजार किलोमीटर दूर. तरीही बंदरांचे आणि गोद्यांचे पुष्कळसे आराखडे याच नगरीत मंजूर होतात. कागदावर आखणारा एक आणि त्या आखणीचे बरेवाईट भोगणारा दुसरा, हा आम्हां सरकारी नोकरांचा नित्याचा अनुभव. म्हणूनच ज्या कारागिरीत आखणारा, बांधणारा आणि आत बसणारा एकच असतो, तिचा इतिहास मला बोधप्रद वाटतो. कॅटामरान म्हणजेच जोडनौका. तिच्या इतिहासात असे कारागीर भेटतात.

कॅटामरान हा शब्द मूळचा तमिळ. ‘कट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘मरम’ म्हणजे झाड किंवा लाकूड. चोलमंडलाच्या किनाऱ्यावरील कोळी हलके ओंडके दोरीने आवळून त्यांवर बसून समुद्रात जात. युरोपीय प्रवाशांनी तो शब्द उचलला आणि पुढे तो निराळ्याच वस्तूला, म्हणजे आडव्या वाशांनी जोडलेल्या दोन अरुंद होड्यांना चिकटला. आपल्या कोकणालाही ही युक्ती परकी नाही. मालवणकडील रापणीच्या होडीला एका बाजूस उलांडी असते. आडव्या दांड्यांच्या टोकांना बांधलेला तो ओंडका अरुंद होडीला कलंडू देत नाही.

जोडनौकेची खरी परीक्षा सांध्यात असते. तिची एक होडी लाटेच्या माथ्यावर चढते तेव्हा दुसरी खळग्यात उतरत असते. साहजिकच सारा पीळ मधल्या वाशांवर येतो.

युरोपात हा प्रयोग प्रथम नेटाने केला तो सर विल्यम पेटी यांनी. हे गृहस्थ आयर्लंडच्या जमिनीची मोजणी करणारे आणि राज्यकारभाराला अंकगणित लावू पाहणारे. म्हणजे एका अर्थी आमच्याच व्यवसायातले. १६६२ मध्ये डब्लिन येथे त्यांनी पहिली जोडनौका उतरवली आणि ती शर्यतीतही वेगवान ठरली. पुढे ‘एक्स्पेरिमेंट’ नावाची मोठी नौका बांधण्यात आली. तिच्या जलावतरणास राजा दुसरा चार्ल्स उपस्थित होता. १६६५ मध्ये पोर्तुगालहून परतताना ती वादळात आपल्या खलाशांसह नाहीशी झाली. पेटी तिच्यावर नव्हते. त्यांनी पुढेही प्रयोग केले. परंतु १६८४ मधील त्यांची शेवटची नौकाही अपयशी ठरली.

त्यानंतर सुमारे दोन शतकांनी, १८७६ मध्ये, अमेरिकेतील नॅथॅनिएल हेरेशॉफ यांनी ‘अॅमॅरिलिस’ बांधली. तिचे सांधे त्यांनी हलते ठेवले होते, जेणेकरून प्रत्येक होडीला आपापल्या लाटेवर डोलता यावे. न्यूयॉर्कच्या शर्यतीत तिने भल्याभल्या नौकांना मागे टाकले. पराभूतांनी तक्रार केली आणि अशा नौकांना शर्यतीची दारे बंद झाली.

विसाव्या शतकात इंग्लंडमधील जेम्स व्हॉरम या तरुणाने अवघ्या सात मीटर लांबीची ‘टांगारोआ’ स्वतः आखली आणि स्वतःच्या हातांनी बांधली. १९५५ मध्ये दोन जर्मन तरुणींसह तो निघाला आणि अटलांटिक ओलांडून त्रिनिदादला पोहोचला. तेथे त्याने ‘रोंगो’ ही दुसरी, मोठी नौका बांधली व १९५९ मध्ये तिच्यातून उत्तर अटलांटिक उलट दिशेने पार केला. पुढे त्याच्या आराखड्यांवरून हजारो सामान्य माणसांनी परसात, कोठारात आपापल्या नौका घडवल्या. सामग्री बदलली, प्लायवुडवर काचतंतूंचे कापड आणि इपॉक्सी राळ यांचा थर चढू लागला. सांध्याच्या बाबतीत मात्र व्हॉरम दोरीकडे वळला. त्याच्या नंतरच्या अनेक नौकांचे वासे दोरीनेच बांधलेले असतात. बोल्ट अडून राहतो आणि सारा ताण एका छिद्रावर आणतो. दोरी किंचित सैलावते आणि तो वाटून घेते. तमिळ कोळ्याचे ‘बांधणे’ असे नव्या साहित्यात परत आले.

आपल्याकडील एक उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही. गोव्यात दिवाड बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात, लाकडी पट्ट्यांवर काचतंतू व राळ चढवून, ‘म्हादेई’ ही शिडाची नौका बांधली गेली. ती एकदेही होती आणि तिचा आराखडा हॉलंडचा. परंतु ती हाकारणारे नौदल अधिकारी दिलीप दोंदे हे बांधणीच्या काळात तिच्याशी जोडलेले होते. ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात त्यांनी तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. शिडाच्या नौकेतून अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. दक्षिण महासागरात रात्री फळी करकरली, तर तिच्या आत काय आहे हे त्यांना कोणास विचारावे लागले नसेल.

प्रत्येक योजकाला आपल्या नौकेत बसता येत नाही, हे उघड आहे. धरण आखणारा धरणाखाली राहायला जात नाही आणि मोठे राज्य तसे चालायचेही नाही. परंतु आराखड्यावर सही करण्यापूर्वी क्षणभर आपण तीत बसलो आहोत, किनारा दिसेनासा झाला आहे आणि वारा वाढतो आहे, अशी कल्पना करणे तरी प्रत्येकाच्या हाती आहे. मग कोणता सांधा पुन्हा तपासावा, हे सांगायला वरिष्ठाची गरज पडणार नाही.