उरलेले कापड, राखलेला पैसा : कापडी बटव्याच्या इतिहासाचा मागोवा

किल्ले, वाडे, मंदिरे आणि शिलालेख यांचा इतिहास लिहिला जातो; परंतु कपाटाच्या कप्प्यात, धान्याच्या डब्यात अथवा स्त्रियांच्या कनवटीला वर्षानुवर्षे राहिलेल्या लहानसहान वस्तूंची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. शिवणकामातून उरलेल्या तुकड्यांचा घरी शिवलेला बटवा ही अशीच एक उपेक्षित वस्तू होय. या एवढ्याशा पिशवीत दोन प्रकारची शिल्लक एकत्र आलेली दिसते. बाहेरचे कापड हे कपडा बेतल्यावर उरलेले असते आणि आतील पैसा हा घरखर्चातून मागे राखलेला असतो. कापड कोणाचे, याविषयी कधी वाद झाला नाही. पैसा कोणाचा, हा प्रश्न मात्र शतकानुशतके स्त्रीच्या बाजूने सुटला नव्हता. म्हणूनच बटव्याचा इतिहास हा शिवणकलेइतकाच स्त्रीच्या स्वाधीनतेचाही इतिहास आहे.

पिशवी एक, नावे अनेक

मराठी भाषेत लहान पिशव्यांना जितकी नावे आहेत, तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या घरगुती वस्तूला असतील. दोन बाजूंच्या दोऱ्या ओढून मिटणारा तो बटवा. पान, सुपारी, चुना व तंबाखू यांचे वेगवेगळे कप्पे असलेली, घडी घालून दोरीने गुंडाळावयाची ती चंची. प्रवासात रुपये भरून कमरेला बांधावयाची लांबट पिशवी म्हणजे कसा. खांद्यावर पुढेमागे लोंबणारी ती पडशी. प्रत्येक नावामागे एक विशिष्ट गरज आणि त्या गरजेनुसार ठरलेली शिवण आहे.

राजदरबारी पत्रव्यवहारातही पिशवीला मानाचे स्थान होते. राजेरजवाड्यांची पत्रे किनखाबी पिशवीत घालून, मोहोर लावून पाठविली जात. अरबी-फारसीतील ‘खरीता’ या शब्दाचा मूळ अर्थ पिशवी असाच आहे. त्यावरून मराठीत ‘खलिता’ शब्द आला आणि पिशवीचे नाव आतील पत्रालाच चिकटले. भोपाळमध्ये जरी व मण्यांच्या कामाचे बटवे करण्याची कला नावारूपास आली. महाराष्ट्रात मात्र बटव्याची खरी ओळख घरगुतीच राहिली. आजीच्या बटव्यात पैशांबरोबर सुंठ, वेखंड, जायफळही असे. ‘आजीबाईचा बटवा’ हा शब्दप्रयोग घरगुती औषधांसाठी रूढ झाला तो यामुळेच.

तुकडे आले कोठून?

उरलेल्या तुकड्यांचा बटवा शिवण्यासाठी आधी तुकडे उरावे लागतात. धोतर, उपरणे, पागोटे, लुगडे ही वस्त्रे मागावरून उतरली की तशीच अंगावर चढत. त्यांना कात्री लागत नसे आणि त्यामुळे कातरणही उरत नसे. ती जीर्ण झाली की त्यांची गोधडी अथवा वाकळ होई. कातरण उरे ते बेतून शिवलेल्या वस्त्रांचे. पुरुषांचा अंगरखा, बाराबंदी आणि स्त्रियांची चोळी ही त्यांतील प्रमुख होत. चोळीसाठी लागणाऱ्या कापडास ‘खण’ म्हणतात. आजच्या कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्ड हे गाव खणांसाठी सर्वत्र प्रसिद्ध आहे. अशा खणाच्या बाह्या व कळ्या बेतल्यावर जे त्रिकोणी, चौकोनी तुकडे राहत, ते रंगाने व काठाने इतके देखणे असत की ते टाकून देणे गृहिणीला मानवत नसे.

‘चिंधीचोर’ हा मराठी शब्द क्षुद्र चोरी करणाऱ्याला उद्देशून वापरला जातो. चिंधीला मोल नाही, हे त्यात गृहीत आहे. बटवा शिवणाऱ्या हातांनी हे गृहीतच खोटे ठरविले.

तुकड्यापासून बटवा करणे हे वाटते तितके सोपे काम नाही. तुकड्याच्या कडेचे धागे सुटतात, म्हणून त्याला अस्तर लावावे लागते. ताण उभ्या धाग्यावर येईल अशा बेताने तुकडा धरावा लागतो. तिरपा धरल्यास भार पडताच पिशवी लोंबते आणि आकार बिघडतो. याउलट गोलाकार कडेला लावावयाची पट्टी मुद्दाम उरेब, म्हणजे तिरपी कापावी लागते, कारण तिरपे कापड वळणाबरोबर वळते. तोंडाशी नेफा करून त्यातून दोन दोऱ्या परस्परविरुद्ध दिशांनी ओवल्या की दोन्हीकडून ओढताच तोंड घट्ट मिटते. जितका भार अधिक, तितकी दोरी अधिक आवळली जाते. एवढ्या साध्या युक्तीवर शेकडो वर्षे लोकांनी आपले धन विश्वासाने सोपविले.

नाणे आणि नोट

बटव्याचे रूप पैशाच्या रूपाबरोबर बदलत गेले. १८३५ साली कंपनी सरकारने एकसमान रुपया प्रचारात आणला. त्याचे वजन एक तोळा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम होते. शंभर रुपये बाळगावयाचे म्हणजे एक किलोहून अधिक चांदी अंगावर वागवावी लागे. रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे व १९२ पै होत असल्याने किरकोळ नाण्यांचीही गर्दी असे. अशा गोल व जड नाण्यांना खोलगट, मिटणारी पिशवीच सोयीची होती.

१८६१ च्या कायद्यान्वये सरकारी कागदी चलन सुरू झाले. परंतु १० रुपये व त्यावरील किमतीच्या त्या नोटा सामान्य घरात क्वचितच पोहोचत. पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडल्यामुळे ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट काढण्यात आली आणि कागदाचा पैसा खऱ्या अर्थाने सर्वांच्या हाती आला. नोट बटव्यात चुरगळते. तिला सपाट, घडीची जागा लागते. त्यामुळे घराघरांत चंचीच्या धर्तीवर दुहेरी घडीची, बटणाने अथवा बंदाने मिटणारी कापडी पाकिटे शिवली जाऊ लागली. पुरुषांच्या सदऱ्याला व कोटाला खिसे आले आणि त्यांचा कसा हळूहळू नाहीसा झाला. स्त्रियांच्या लुगड्याला मात्र खिसा नव्हता. त्यामुळे बटवा पुरुषाच्या कमरेवरून उतरला तरी स्त्रीच्या कनवटीला टिकून राहिला.

आतील पैसा कोणाचा?

हा पैसा तिच्याजवळ असला, तरी तिच्या मालकीचा होता काय? धर्मशास्त्रात स्त्रीधनाची सविस्तर चर्चा आहे. कात्यायनस्मृती मूळ स्वरूपात उपलब्ध नाही. निरनिराळ्या निबंधग्रंथांत विखुरलेली तिची व्यवहारविषयक वचने भारतरत्न पां. वा. काणे यांनी एकत्रित करून १९३३ साली प्रसिद्ध केली. या स्मृतीनुसार माहेरहून अथवा विवाहप्रसंगी मिळालेले धन स्त्रीचे होय. परंतु तिने शिल्पाने, म्हणजे स्वतःच्या हस्तकौशल्याने मिळविलेल्या धनावर पतीचे स्वामित्व सांगितले आहे. माहेरहून अथवा विवाहप्रसंगी मिळालेले ते तिचे, आणि तिने स्वतः सुई-दोऱ्याने कमावलेले ते मात्र पतीचे, असा हा विलक्षण न्याय होता.

ब्रिटिश अमदानीत १८७४ साली विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयी कायदा झाला. विवाहित स्त्रीने स्वतः चालविलेल्या व्यवसायातून अथवा कलाकौशल्यातून मिळविलेले उत्पन्न ही तिची स्वतंत्र मालमत्ता होय, असे त्यात म्हटले होते. तथापि त्याच कायद्यात विवाहसमयी हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख वा जैन धर्म पाळणाऱ्या स्त्रियांना तो लागू नाही, असे स्पष्ट नमूद होते. भिन्न रूढी सिद्ध न झाल्यास न्यायालये जैनांनाही हिंदू कायदाच लावीत. म्हणजे देशातील बहुसंख्य स्त्रियांबरोबर जैन समाजातील स्त्रियाही या तरतुदीबाहेर राहिल्या. कायदा दार उघडीत नव्हता, तेव्हा डाळीच्या डब्यात दडविलेला बटवा हाच स्त्रीचा एकमेव कोषागार होता. तिच्या या काटकसरीकडे अनेकदा थट्टेने पाहिले गेले. परंतु आजारपणात, दुष्काळात वा व्यापारातील खोटीच्या प्रसंगी तोच बटवा घराच्या कामी आला.

यंत्र आणि शिक्षण

अमेरिकेत आयझॅक सिंगर यांना १८५१ साली शिवणयंत्राचे पेटंट मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही यंत्रे भारतात आली आणि हप्त्याने मिळू लागल्याने शिंप्यांच्या दुकानांतून व पुढे घरांतून पोहोचली. यंत्रांविषयी साशंक असलेल्या महात्मा गांधींनीही १९२४ साली जी. रामचंद्रन यांच्याशी झालेल्या संभाषणात सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. १९३० च्या दशकात कोलकात्यात ‘उषा’ हे देशी शिवणयंत्र तयार होऊ लागले. यंत्रामुळे शिवलेले कपडे वाढले, तसे कातरणही वाढले. बटव्याला कच्चा माल मिळाला तो असा.

दुसरीकडे स्त्रीशिक्षणाच्या चळवळीने शिवणकामाला घराबाहेरची प्रतिष्ठा दिली. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ साली स्थापन झालेल्या पुणे सेवासदनात शिवणकामाचे वर्ग चालत. विधवा व निराधार स्त्रियांना स्वतःच्या हातांवर उभे राहता यावे, हा त्यामागील हेतू होता. लहान तुकड्यांवर टाके गिरविता गिरविता पिशव्या, पाकिटे तयार होत. चूक झाली तरी मोठे कापड वाया जात नसे. नवशिक्या हातांसाठी बटवा हीच पाटी ठरली.

दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई इतकी वाढली की १९४३ साली सरकारला सूत व कापड यांवर नियंत्रण आणावे लागले. त्या काळातून गेलेल्या पिढीने पुढे सुबत्ता आल्यावरही चिंधी टाकली नाही, यात नवल ते काय!

स्वतःच्या कष्टाचे धन

स्वातंत्र्यानंतर १९५६ साली हिंदू उत्तराधिकार अधिनियम अमलात आला. तो जैनांनाही लागू आहे. त्याच्या १४ व्या कलमाने स्त्रीच्या ताब्यातील मालमत्तेवर तिचे पूर्ण स्वामित्व मान्य केले आणि त्या मालमत्तेत तिने स्वतःच्या कौशल्याने वा परिश्रमाने मिळविलेल्या मालमत्तेचा स्पष्ट उल्लेख केला. कात्यायनस्मृतीने जे शिल्पार्जित धन पतीकडे सोपविले होते, ते अशा रीतीने कायद्याने स्त्रीच्या हाती परत आले.

कायद्याने हक्क मिळाला तरी कष्टाचा योग्य मोबदला मिळतोच असे नाही. मुंबईप्रमाणेच गिरण्यांचे शहर असलेल्या अहमदाबादेत गिरण्यांतील चिंध्या व्यापारी विकत घेत आणि गरीब स्त्रिया घरी बसून त्या जोडून गोधड्यांच्या खोळी शिवीत. मजुरी नगावर व अत्यल्प असे. इला भट्ट यांनी १९७२ साली स्थापन केलेल्या ‘सेवा’ या संघटनेने १९७० च्या दशकात या चिंधी-कामगार स्त्रियांना एकत्र केले. वाढीव मजुरी मागताच व्यापाऱ्यांनी काम देणे थांबविले, तेव्हा या स्त्रियांनी ‘सबीना’ ही स्वतःची सहकारी संस्था उभी केली. तत्पूर्वी १९७४ सालीच ‘सेवा’च्या चार हजार सभासद स्त्रियांनी प्रत्येकी दहा रुपये भांडवल देऊन स्वतःची सहकारी बँक काढली होती. सही करू न शकणाऱ्या स्त्रियांची ओळख पटविण्यासाठी तेथे छायाचित्राचा उपयोग केला जाई. उरलेले कापड आणि राखलेला पैसा या दोहोंची सांगड येथे एका घराच्या नव्हे, तर हजारो घरांच्या पातळीवर घातली गेली.

आजचा बटवा

८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० व १००० रुपयांच्या नोटा चलनातून रद्द झाल्या, तेव्हा घरोघरीचे बटवे एकाएकी उघडावे लागले. गृहिणींनी बँकेत भरलेल्या अडीच लाखांपर्यंतच्या रकमेची चौकशी होणार नाही, असे सरकारने जाहीर केले. गृहिणीच्या गुप्त शिलकीचा हा एका परीने अधिकृत स्वीकारच होता. त्याच वर्षी सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीमुळे पुढे पैसाच दिसेनासा झाला आणि पाकिटाची जागा भ्रमणध्वनीने घेतली.

असे असूनही बटवा संपला नाही. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी जाहीर झाल्यानंतर कापडी पिशव्यांना पुन्हा मागणी आली. ठिकठिकाणचे महिला बचत गट त्या शिवू लागले. खण, इरकल आणि जुन्या पैठणीच्या तुकड्यांचे बटवे विवाहसमारंभात भेट म्हणून दिले जाऊ लागले. पूर्वी घरातील स्त्री पैसा ठेवण्यासाठी बटवा शिवीत असे. आता पैसा मिळविण्यासाठी शिवते, एवढाच काय तो फरक.

हा फरक लहान नाही. तथापि हाताने शिवलेल्या बटव्याची किंमत करताना पुष्कळदा कापडाचीच किंमत धरली जाते आणि कापड तर उरलेलेच, म्हणून भाव पाडून मागितला जातो. अस्तर लावणे, नेफा दुमडणे, उरेब पट्टी वळविणे यांत गेलेल्या वेळेचा हिशेब कोणी करीत नाही. तुकडा फुकटचा असेल. टाका फुकटचा नसतो. बटव्याला त्याचे उचित मोल देणे म्हणजे त्या टाक्यांचे, आणि ते घालणाऱ्या हातांच्या स्वकष्टार्जित धनाचे मोल मान्य करणे होय. कायद्याने हे १९५६ सालीच मान्य केले. व्यवहाराने ते मान्य करणे अद्याप शिल्लक आहे.