पेशीतली झाडलोट

1986 साल असावं. मी शाळेत होतो. पोटदुखी आणि जुलाबांनी खंगलेल्या माझ्या थोरल्या मामांना आम्ही पनवेलहून एस.टी.ने मुंबईला दाखवायला नेत असू. आधी निदान झालं ते आतड्याच्या क्षयाचं. नऊ महिने औषधं झाली, पण गुण येईना. फेरतपासणीनंतर डॉक्टर म्हणाले, 'हा क्षय नव्हे, क्रोनचा आजार.' आमच्या नानीला ते नाव शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही.

हा घोळ काही मामांच्याच नशिबी आला होता असं नाही. ग्लासगोचे शल्यविशारद केनेडी डॅल्झिएल यांनी 1913 साली अशा रुग्णांची नोंद केली. गुरांना होणाऱ्या आतड्याच्या एका आजाराशी त्यांना याचं साम्य दिसलं, पण त्याचा जंतू काही सापडला नाही. 1932 साली न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी लहान आतड्याच्या शेवटच्या भागातला हा आजार सविस्तर मांडला. नाव क्रोन यांचं राहिलं. क्षयही बहुधा आतड्याच्या त्याच भागात ठाण मांडतो. व्रण, सूज, अरुंद झालेलं आतडं, सारं सारखंच. आपल्याकडे क्षय घरोघरचा, म्हणून संशयही आधी त्याचाच.

मंडळी, आता थोडं वेगळ्या वाटेनं जाऊ. बेल्जियमचे क्रिस्तियाँ द द्यूव यांना 1955 च्या सुमारास पेशीत पाचकरसांच्या इवल्या पिशव्या सापडल्या. पेशी आपलेच जुने, मोडके भाग गुंडाळून या पिशव्यांकडे नेते आणि त्यातून कामाचं पुन्हा वापरते. 1963 मध्ये त्यांनी या क्रियेला 'ऑटोफेजी' म्हणजे स्वभक्षण असं नाव दिलं. नाव भयंकर, काम मात्र जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या आजीचं! पुढे जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टच्या पेशींना उपाशी ठेवून ही क्रिया सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि 1993 मध्ये तिच्या मागची पंधरा जनुकं मांडली.

या दोन वाटा 2007 मध्ये एकत्र आल्या. हजारो रुग्णांची जनुकं तपासताना क्रोनच्या आजाराशी एटीजी-16-एल-1 या झाडलोटीच्या जनुकातल्या एका बदलाचा संबंध आढळला. आयआरजीएम हे त्याच कामातलं दुसरं जनुकही त्याच वर्षी पुढे आलं. 2008 मध्ये आणखी एक दुवा मिळाला. लहान आतड्यात जंतुनाशक द्रव्यं सोडणाऱ्या पॅनेथ पेशी असतात. हे जनुक दुबळं असलेल्या उंदरांत, आणि तो बदल असलेल्या रुग्णांतही, या पेशींचं कोठार विस्कटलेलं दिसलं. म्हणजे झाडलोट थकली की जंतूंना आवर बसत नाही आणि आतड्याचा दाह धुमसत राहतो. अर्थात हा बदल कित्येक निरोगी माणसांतही असतो. त्यानं धोका थोडा वाढतो, इतकंच.

गंमत पाहा, पेशीत शिरलेल्या क्षयाच्या जंतूलाही हीच झाडलोट गिळू शकते, हे 2004 मध्येच दिसलं होतं. ज्या दोन आजारांत आमचे मामा अडकले, त्या दोन्हींच्या मुळाशी एकच घरकाम!

पण परदेशातलं सारंच इथे जसंच्या तसं लागू पडत नाही. 2001 मध्ये युरोपीय रुग्णांत सापडलेले नॉड-2 या जनुकातले तीन ठळक बदल भारतीय रुग्णांत जवळपास आढळतच नाहीत. आजही शंका असली तर आपले डॉक्टर दोन-तीन महिने क्षयाची औषधं देऊन, पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरले का ते पाहतात.

ओसुमींना 2016 मध्ये नोबेल मिळालं आणि 'उपवासाला नोबेल' असे निरोप फिरू लागले. एकादशीवाल्यांनी पाठवले, रोजेवाल्यांनीही पाठवले. तो सन्मान यीस्टमध्ये उलगडलेल्या यंत्रणेचा होता. उपवासानं क्रोन बरा होतो, असं त्यात कुठेही नव्हतं. या आजारात शरीर आधीच कुपोषित होतं, आणि औषध सोडून उपाशी राहणं महागात पडतं.

आजाऱ्याला रोज्याची सूट आहे, हे नानी मामांना दर रमजानात बजावायची. मामा त्यानंतर वीस वर्षं जगले. गोळी कधी चुकवली नाही, आणि रोजा धरला तो डॉक्टरांना विचारूनच.