नौदलाचा हिरो, गाजलेला लेखक आणि शेवटी देशद्रोही : कोण होता पॉल शाक?

आज इन्स्टावर 'कोलॅब' म्हटलं की दोघांनी मिळून टाकलेली पोस्ट आठवते. १९४४ च्या फ्रान्समध्ये मात्र 'कोलाबो' ही शिवी होती. देश हिटलरच्या ताब्यात असताना जर्मनांना साथ देणारा तो कोलाबो. त्यातलंच एक नाव पॉल शाक.

१८७६ साली पॅरिसमध्ये जन्मलेला शाक नौदलात अधिकारी होता. पहिल्या महायुद्धात 'मास्यू' ही विनाशिका त्याच्या हाताखाली होती. पुढे तो नौदलाच्या इतिहास विभागाचा प्रमुख झाला आणि समुद्रावरच्या लढायांवर पुस्तकं लिहू लागला. ती खूप वाचली गेली. गोंकूर पुरस्कार मिळवलेला क्लोद फारेर हाही नौदलातलाच. या दोघांनी मिळूनही लिहिलं.

मग गाडी घसरली कुठे?

शाक कट्टर कम्युनिस्टविरोधी. त्यात ३ जुलै १९४० ला अल्जेरियातल्या मेर्स-एल-केबीर बंदरात ब्रिटिशांनी फ्रेंच जहाजांवरच तोफा डागल्या. ही जहाजं जर्मनांच्या हाती पडतील, अशी त्यांना भीती होती. जवळपास १,३०० फ्रेंच नौसैनिक मेले. कालचा मित्र असा उलटल्यावर अख्खं नौदल चिडलं होतं. पण चिडलेला प्रत्येक जण काही जर्मनांकडे गेला नाही. शाक गेला.

तो झाक दोरियोच्या फॅसिस्ट पीपीएफ पक्षात होता. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर तो बोल्शेविकविरोधी कृती समितीचा अध्यक्ष झाला. रशियात लढायला फ्रेंच तरुणांची एक तुकडीही उभी राहत होती. त्यांच्या अंगावर जर्मन गणवेश आणि शपथ हिटलरच्या नावाची! शाक या तुकडीचा उघड पाठीराखा होता. त्याने ज्यूविरोधी लिखाणही केलं. साठी ओलांडलेल्या या माणसाने बंदूक उचलली नाही, हे खरं. प्रचाराला त्याच्या बंदुकीची गरजही नव्हती. गरज होती ती लोकांनी ज्याच्या शौर्यकथा विश्वासाने वाचल्या, त्या नावाची.

ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस मुक्त होत असतानाच शाकला अटक झाली. डिसेंबरमध्ये शत्रूशी संगनमत केल्याबद्दल फाशी नव्हे, गोळ्या घालून मृत्युदंडाची शिक्षा सुनावली गेली. द गॉलने दया दाखवली नाही. ९ जानेवारी १९४५ ला मोंरूजच्या किल्ल्यात शिक्षा अमलात आली. शाक तेव्हा ६८ वर्षांचा होता.

महिन्याभरात त्याच किल्ल्यात ३५ वर्षांचा लेखक रोबेर ब्राझियाक याला गोळ्या घातल्या गेल्या. त्याला वाचवण्याच्या अर्जावर आल्बेर काम्यूचीही सही होती. त्या खटल्यावर फ्रान्समध्ये अजून वाद होतात. शाकचं नाव मात्र त्यात क्वचितच निघतं.