असाधारण चाल (पोकर)

असाधारण चाल : नो-लिमिट पोकरच्या रोख डावात जाणत्या खेळाडूंची रुळलेली पद्धत सोडून केलेली बेट (रक्कम लावणे), रेझ (ती वाढवणे) किंवा कॉल (तेवढीच भरणे). अशी चाल चूक होती, चतुराई होती की साधा गैरसमज, हे ठरवणे कठीण असते, कारण समोरच्याची पाने बहुतेक वेळा उघडतच नाहीत. या खेळाच्या सर्वांत प्रचलित प्रकारात, टेक्सस होल्डेममध्ये, प्रत्येकाकडे दोन झाकलेली पाने असतात आणि मेजावर सर्वांच्या वापराची पाच पाने टप्प्याटप्प्याने उघडतात. दोन पानांच्या 1,326 जोड्या संभवतात. नो-लिमिटमध्ये आपल्या पाळीला स्वतःपुढच्या सगळ्या चिप्स लावता येतात, म्हणून एका विचित्र चालीवर मोठी रक्कम फिरू शकते.

रुळलेली पद्धत हाच निकष धरला तर फसगत होते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘डाँक बेट’. आधीच्या फेरीत रेझ करणाऱ्याला नुसता कॉल दिलेल्या खेळाडूने पुढच्या फेरीत त्याची पाळी येण्याआधीच बेट करणे, असा तिचा अर्थ. नाव गाढवावरून पडले आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या ती नवख्याची खूण मानली गेली. पण कार्नेगी मेलन विद्यापीठ व फेसबुक यांच्या संशोधकांनी 2019मध्ये जाहीर केलेला ‘प्लुरिबस’ हा संगणकीय खेळाडू व्यावसायिकांपेक्षा कितीतरी अधिक वेळा डाँक बेट करत होता, आणि सहाजणांच्या मेजावर त्यांना हरवतही होता.

प्रत्यक्ष मेजावर आणखी अडचणी असतात. तासाभरात जेमतेम 25–30 डाव होतात, म्हणजे एखाद्याच्या सवयी कळायला पुरेसा नमुनाच मिळत नाही. जे डाव शेवटपर्यंत जाऊन पाने दिसतात तेवढेच लक्षात राहतात. शिवाय नियमांतल्या खाचाखोचांमुळे साधी चालही विचित्र दिसते : समोर बेट असताना काही न बोलता एकच मोठी चिप टाकली, तर तो रेझ न धरता कॉल धरतात. नवख्याला रेझ करायचा असतो, घडतो कॉल, आणि समोरचा त्यात डावपेच शोधत बसतो. ऑनलाइन खेळात निदान प्रत्येक डावाची नोंद राहते. भारतात मात्र पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली. त्यामुळे पणजीला मांडवीत नांगरलेल्या कॅसिनो-बोटींवर बसणाऱ्या खेळाडूला स्वतःच्या स्मरणावरच भिस्त ठेवावी लागते.

या विषयातला सर्वांत चर्चिला गेलेला डाव 29 सप्टेंबर 2022 रोजी कॅलिफोर्नियातील गार्डेना येथे, ‘हसलर कॅसिनो लाइव्ह’ या प्रक्षेपित खेळात झाला. मेजावर बदाम दश्शी, किलवर दश्शी, किलवर नव्वी आणि बदाम तिर्री अशी चार पाने उघडली होती. गॅरेट ॲडेलस्टीन यांच्या हाती किलवरची सत्ती व अठ्ठी होती : हात अपुरा, पण फ्लश (एकाच चिन्हाची पाच पाने) आणि स्ट्रेट (क्रमाने येणारी पाच पाने) दोन्हींची आशा असलेला. त्यांनी 10,000 डॉलरची बेट केली. रॉबी जेड ल्यू यांनी ती 20,000वर नेली, ॲडेलस्टीन ऑल-इन गेले (सगळ्या चिप्स लावल्या), आणि ल्यू यांनी आणखी 1,09,000 डॉलर घालून कॉल केला. त्यांच्याकडे किलवर गुलाम आणि बदाम चव्वी होती. जोडी नाही, फ्लशची आशा नाही. पॉट (मेजावर जमलेली रक्कम) 2,69,000 डॉलरचा झाला. दोघांच्या संमतीने शेवटचे पान दोनदा काढले गेले व दोन्ही वेळा ल्यू जिंकल्या.

डेव्हिड स्क्लान्स्की यांनी ‘द थिअरी ऑफ पोकर’ या पुस्तकात मांडलेला सिद्धान्त असा, की समोरच्याची पाने दिसत असती तर जशी चाल केली असती तशी केली तर लाभ, तिच्यापासून दूर गेलात तर तोटा. या कसोटीवर ल्यू यांचा कॉल उत्तीर्ण होतो. उरलेल्या 44 पानांपैकी 20 ॲडेलस्टीन यांना जिंकवणारी होती, 24 ल्यू यांना. कॉल परवडायला साधारण 40 टक्के संधी पुरेशी होती. त्यांच्याकडे 54 टक्क्यांहून अधिक होती.

पण पाने दिसत नव्हती. म्हणून त्या क्षणी समोर संभवणाऱ्या सर्व जोड्यांशी हिशेब मांडायला हवा. कोणतीही दश्शी असती तर गुलामाला एका पानात सुटकाच नव्हती. एक नव्वी असती तर वाचवायला तीन गुलाम, म्हणजे 7 टक्क्यांच्या आत. एक्का, राजा किंवा राणी धरून फ्लशची वाट पाहणारे हातही गुलामाच्या पुढेच होते. गुलाम जिंकणार तो खालच्या पानांच्या मोजक्या जोड्यांशी, आणि नेमकी त्यांतलीच एक समोर निघाली.

ॲडेलस्टीन यांना लबाडीचा संशय आला आणि ल्यू यांनी त्याच रात्री 1,35,000 डॉलर त्यांना परत दिले. आपल्याकडे तिर्रीची जोडी आहे असा समज झाला होता, हे त्यांनी नंतर सांगितले. पान चुकीचे वाचणे प्रत्यक्ष मेजावर नित्याचे आहे, आणि तिर्री हाती आहे असे धरून हिशेब मांडला तर तोच कॉल बराच समजण्याजोगा होतो. हातातल्या पानांवरून पाहता तो कमकुवतच होता. लबाडीचा आरोप मात्र वेगळ्या पुराव्यावर उभा राहायला हवा, चालीच्या विचित्रपणावर नव्हे. आयोजकांनी करवून घेतलेल्या चौकशीचा निष्कर्ष डिसेंबर 2022मध्ये जाहीर झाला : गैरप्रकाराचा विश्वासार्ह पुरावा आढळला नाही.